गाडी मिळेल हो, पण टाकी कुठे रिकामी करायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरदार सोडून गाडीतच राहणाऱ्या लोकांवर मोठं फीचर आलं होतं, त्याचा फोटो काढून माझ्या बहिणीनं सांगलीहून व्हॉट्सॅपवर पाठवला. खाली फक्त "बघ, तुझ्यासारखे" एवढंच. वाचलं. फोटो झकास आहेत, समोर समुद्र, व्हॅनचं मागचं दार उघडं, पाय बाहेर सोडलेले आणि हातात कॉफीचा मग. शेवटी असंही लिहिलंय की आता आपल्याकडेही कॅराव्हॅन येतायत, तेव्हा रिटायर्ड मंडळींनी हे स्वप्न बघायला काय हरकत आहे. हरकत काहीच नाही हो. पण अख्ख्या पानात संडासाचा उल्लेख नाही आणि पत्त्याचाही नाही, आणि हे आयुष्य चालतं ते नेमकं याच दोन गोष्टींवर, म्हणून हे पत्र.

माझं थोडक्यात सांगते. न्यू जर्सीत बरीच वर्षं नोकरी केली, रिटायर झाल्यावर एडिसनजवळचं टाउनहाउस विकलं, एक 24 फुटी सेकंडहँड मोटरहोम घेतली आणि तेव्हापासून तेच घर. एकटीच असते. एकटी का, हे विचारताना लोकांचा चेहरा आधीच पडलेला असतो, काहीतरी दुःखद असणार म्हणून, तर तसं काही नाही आणि त्याचा या पत्राशी संबंधही नाही.

इथे मोटरहोमचे तीन प्रकार धरतात. क्लास ए म्हणजे एसटीएवढी अवाढव्य बस, क्लास बी म्हणजे उंच छपराची व्हॅन, आणि क्लास सी म्हणजे ट्रक किंवा व्हॅनच्या चासीवर मागे खोली बांधलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग पुढे आलेला असतो ती. माझी सी. साधारण 26,000 पौंड वजनापर्यंत बहुतेक राज्यांत साधं लायसन्स चालतं, त्यामुळे साठी ओलांडलेली बाई काउंटरवर चाव्या घेते आणि घर चालवत निघून जाते, कुणी काही विचारत नाही. पेट्रोलला मात्र गाडी राक्षस आहे, गॅलनला आठ-दहा मैल, म्हणजे लिटरला चार किलोमीटरच्या आसपास. म्हणून आम्ही लोक तितकं फिरत नाही जितकं तुम्हाला वाटतं, एका जागी जाऊन बसतो.

आता टाक्यांकडे येते, नाक मुरडू नका. गाडीखाली तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक सिंक आणि अंघोळीच्या पाण्याची आणि एक संडासाची. माझी पाण्याची टाकी दीडशे लिटरची आणि संडासाची त्याहून लहान, एकटीला जपून वापरलं तर आठ-दहा दिवस जातात. मग डम्प स्टेशन शोधायचं. डम्प स्टेशन म्हणजे फार काही नाही, सिमेंटचा उतरता चौथरा, मध्ये झाकण असलेलं भोक, बाजूला एक नळ. हातमोजे घालायचे, तीन इंची जाड पाइप गाडीच्या तोंडाला लावायचा, पिळून बसला की नाही ते दोनदा बघायचं, दुसरं टोक भोकात घालून वर दगड ठेवायचा, आणि आधी संडासाची टाकी सोडायची. मग अंघोळीच्या पाण्याची, म्हणजे त्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. हा क्रम उलटा केला तर पाइपमध्ये काय राहतं ते सांगत बसत नाही. माझ्या शेजारच्या गोऱ्या आजोबांची टाकी सारखी तुंबायची कारण ही मंडळी कागद वापरणार आणि वर पाणी वाचवायचं म्हणून घोटभरच फ्लश करणार, मग आत सगळं घट्ट होऊन बसतं. आपल्या लोकांना धुवायची सवय, पाणी जास्त जातं, टाकी लवकर भरते पण तुंबत नाही. भारतीय संस्कृतीचा एवढा रोकडा फायदा मला दुसऱ्या कुठल्या बाबतीत झाल्याचं आठवत नाही.

हे सगळं शक्य आहे कारण ती भोकं जागोजागी आहेत. हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या मोठ्या पंपांवर पैसे देऊन, काही राज्यांत सरकारी रेस्ट एरियात, आणि कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा असल्या शेतीवाल्या राज्यांत तर लहान लहान गावांच्या नगरपालिकेच्या बागेत. गावात दुकानं मोजून चार, पण बागेत विजेचा खांब, नळ आणि डम्प आहे, पेटीत थोडे डॉलर टाका आणि रात्रभर रहा. गावालाही बरं, तुम्ही तिथेच दूध-ब्रेड घेता, पेट्रोल भरता.

हिवाळ्यात मी ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला असते. वाळवंटातलं गाव, 2020 च्या जनगणनेत वस्ती अडीच हजारसुद्धा भरली नव्हती, आणि जानेवारीत जिकडे बघाल तिकडे गाड्याच गाड्या. गावाबाहेर केंद्र सरकारची जमीन आहे, तिथे ला पोसा नावाचा भाग खास लांब मुक्कामासाठी ठेवलाय. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल, अख्ख्या सीझनचे मी 180 डॉलर भरलेत, म्हणजे सात महिन्यांचं भाडं साधारण पंधरा हजार रुपये. त्यात वीज नाही, ती छपरावरच्या सोलर पॅनलवर. पण पाणी भरायची जागा, कचऱ्याचे डबे आणि डम्प आहे. बाकीच्या बऱ्याचशा सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहता येतं पण साधारण 14 दिवस, मग हलायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तर इथे सरकारनंच त्या विंचवाला तारखा घालून दिल्यात.

स्वयंपाक गॅसवर करते. पहिल्याच आठवड्यात मोहरी तडतडली आणि स्मोक अलार्म असा बोंबलला की बाहेर तीन माणसं जमली. तेव्हापासून फोडणीची कढई बाहेर छोट्या शेगडीवर, आणि त्या वासानं जी ओळख होते ती हाय-हॅलोनं होत नाही. कढीपत्ता आणि तूरडाळीला मात्र फिनिक्स गाठावं लागतं, दोन तास लांब.

आता पत्ता. घर विकल्यावर पहिला प्रश्न पडला तो हा की मी आता राहते कुठे? लायसन्स कुठल्या राज्याचं, गाडीचं रजिस्ट्रेशन कुठे, मत कुठे, टॅक्स कुठे, आणि टपाल कुठे येणार. यासाठी फुलटाइम राहणारे लोक बहुतेक करून टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात. तिन्हीकडे राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि फिरत्या लोकांचे कागद करायची तिथल्या यंत्रणेला सवय आहे. मी टेक्सस घेतलं. तिथे लिव्हिंग्स्टन नावाच्या गावात एस्केपीज नावाचा क्लब आहे, 1978 साली एका फिरत्या जोडप्यानं सुरू केलेला, त्यांचा मोठा उद्योग म्हणजे सभासदांचं टपाल घेणं आणि ते जिथे असतील तिथे पाठवणं. पोस्टाचा 1583 नंबरचा फॉर्म नोटरीसमोर भरला की तुमचं टपाल ते घेऊ शकतात. हजारो माणसांचा कागदोपत्री पत्ता हे एक गाव, आणि त्यातली बरीचशी तिथे राहत नाहीत.

पण त्यातही गोम आहे. बँकेनं माझं खातं अडवलं कारण त्यांच्या कॉम्प्युटरला हा पत्ता टपालाच्या एजन्सीचा आहे हे कळतं आणि त्यांना राहायचा खराखुरा पत्ता लागतो. फोनवरच्या पोरीला मी सांगतेय की बाई मी खरोखर गाडीत राहते, ती म्हणते मग गाडी कुठे असते. शेवटी मुलीचा पत्ता दिला. म्हणजे सत्तरीकडे झुकलेली, घर विकून आलेले पैसे त्याच बँकेत असलेली बाई, आणि मुलीच्या नावावरच्या दारामागे उभं राहिल्याशिवाय मी अस्तित्वात नाही. विम्याचंही तेच, साधी मोटरहोमची पॉलिसी सुट्टीत फिरणाऱ्यांसाठी असते, त्यातच राहत असाल तर फुलटाइमरची वेगळी घ्यावी लागते, नाहीतर क्लेमच्या वेळी प्रश्न येतात.

मेडिकेअर म्हणजे इथली 65 पुढच्यांची सरकारी आरोग्य विमा योजना, तिच्याबद्दल दोन ओळी, कारण इथले मराठी वाचक तुमचा पेपर ऑनलाइन वाचतात हे मला माहितीय. 65 व्या वर्षी जाहिरातींना भुलून तिचा खासगी कंपन्यांकडून मिळणारा ॲडव्हांटेज प्लॅन घेतलात तर डॉक्टरांचं नेटवर्क बहुतेक तुमच्या भागापुरतं असतं. फिरायचं असेल तर मूळ मेडिकेअर आणि सोबत मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअर देत नाही तो खर्च उचलणारा खासगी जोडविमा घ्या, मेडिकेअर घेणारा डॉक्टर देशात कुठेही चालतो. मेडिगॅप कंपनीला तब्येतीवरून नाही म्हणता येत नाही ते पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग, सुरू झाल्यापासून पहिले सहा महिनेच, नंतर बहुतेक राज्यांत ती दहा प्रश्न विचारते. आणि 62 पुढच्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना नॅशनल पार्कचा आयुष्यभराचा पास 80 डॉलरला मिळतो, त्यावर केंद्राच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडचं भाडं निम्मं होतं, तो आधी काढा.

एकटीला भीती वाटत नाही का, हा प्रश्न सांगलीतून दर फोनला येतो. मोटरहोमचा एक फायदा असा की पलंगावरून उठून बाहेर न उतरता थेट स्टिअरिंगवर बसता येतं, किल्ली फिरवली की निघाली. रात्री दार वाजलं तर मी उघडत नाही, आतूनच बोलते. खरी अडचण वेगळीच, रिव्हर्स घेताना मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणणारं कुणी नसतं, आणि ताप आला की पाणी भरायलाही आपणच उठायचं. लिव्हिंग्स्टनला त्या क्लबनं म्हाताऱ्या आणि आजारी सभासदांसाठी सोय केलीय, आपली गाडी तिथे लावून आपल्याच गाडीत राहायचं, जेवण आणि देखभाल तिथली माणसं करतात. मी जाऊन बघून आले. फीचरमधल्या त्या चाळिशीतल्या पोरांना याची आत्ता गरज नाही हे कबूल, पण तुम्ही स्वप्न दाखवलंत रिटायर्ड लोकांना.

आता महाराष्ट्राचं. राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण 2021 मध्येच आणलं, केरळनंही त्याच वर्षी आणलं. गाड्या बनवायचे नियमही देशात आहेत. म्हणजे गाडी हा प्रश्न नाहीच, पैसे असले की पुण्यात कुणीही फोर्सच्या व्हॅनमध्ये किचन आणि बेड टाकून देईल. पण ती गाडी घेऊन चार दिवस कोकणात फिरल्यावर संडासाची टाकी कुठे ओतायची याचं उत्तर मला कुणी देत नाही. गेल्या खेपेला सांगलीत आले होते तेव्हा अशी भाड्याची गाडी फिरवणाऱ्या एकाला विचारलं, तर हसला आणि म्हणाला, "मॅडम, रात्रीचं बघतो आम्ही कुठेतरी." कुठेतरी म्हणजे कुठे ते तुम्हालाही कळलं आणि मलाही. ओढ्याकाठच्या गावाला ते सकाळी कळत असेल.

एमटीडीसीची रिसॉर्ट गणपतीपुळ्याला आहेत, तारकर्लीला आहेत, महाबळेश्वरला, पानशेतला आहेत. तिथे संडास आहेत म्हणजे मैल्याची काहीतरी व्यवस्था आहेच, शेजारी एक चौथरा, झाकणाचं भोक, नळ आणि विजेचा खांब करायला धोरणाची नवी आवृत्ती नको, गवंडी पाहिजे. टाकीत टाकायची रसायनं सेप्टिक टँकला चालणारी हवीत एवढा नियम करा, पैसे घ्या, दर लिहून लावा.

आणि पत्त्याचं. इथे मी हौसेनं घर सोडलं तरी फॉर्म भरून मला पत्ता मिळाला, बँक सोडली तर कुणी अडवलं नाही. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या फिरणारी माणसं आहेत, नंदीवाले, वैदू, डवरी गोसावी, मसणजोगी. त्यांच्यातल्या काही जमातींना इंग्रजांनी जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, तो कायदा 1952 ला गेला, पण रहिवासाचा पुरावा नाही म्हणून रेशनकार्ड नाही आणि जातीचा दाखला नाही ही रड अजून चालू आहे. पालावरच्या माणसाला पोलीस पाटील हलवतो आणि एसीवाल्या कॅराव्हॅनला पार्किंग देतो, हे जर धोरण असेल तर मला त्याचं कौतुक नाही. इथेही काही वेगळं चाललंय असं समजू नका, अनेक शहरांत रात्री गाडीत झोपायला बंदी आहे आणि ती बंदी माझ्या पांढऱ्या मोटरहोमआधी फुटक्या काचेच्या जुन्या व्हॅनला लागू होते, हे मी डोळ्यांनी बघते. तेव्हा फिरत्या माणसाला तहसीलमध्ये कायमचा कागदी पत्ता द्यायची सोय करायचीच असेल तर ती पालापासून सुरू करा, आमच्यासारख्या हौशी लोकांचं त्यात आपोआप भागेल.

ज्या वाचकांना फीचर वाचून खरंच इच्छा झाली असेल त्यांनी घर विकायच्या आधी अशी गाडी पंधरा दिवस भाड्यानं घ्या, आणि डिसेंबरात नको, जुलैत घ्या, छप्पर गळतं का, ओले कपडे आत कुठे वाळतात आणि आपल्याला स्वतःचा घोरण्याचा आवाज सहन होतो का ते कळेल. गाडीवाल्याला टाकीचं आधी विचारा, आणि त्यानं "कुठेतरी" म्हटलं तर दुसरा बघा.

आपली,
एक वाचक
मूळ सांगली, सध्या ॲरिझोना