‘घेऊन जावा’ म्हणण्याआधी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विहिरीत पडलेली म्हैस, गटारात अडकलेले कुत्रे, पतंगाच्या मांजात पंख गुरफटलेली घार यांना जीवदान दिल्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून छायाचित्रांसह प्रसिद्ध होत असतात. दोरी धरून विहिरीत उतरणाऱ्या तरुणांचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु प्राणी वर काढला, गाडीत घातला आणि गाडी निघाली, इथे बातमी संपते आणि नेमके तिथेच आमचे काम सुरू होते. त्या कामाला मात्र माणसे मिळत नाहीत. बँकेतून निवृत्त झाल्यावर गेली सहा वर्षे मी बेळगावनजीकच्या एका प्राणी निवारा केंद्रात आठवड्यातून दोन दिवस जातो. कुत्रे पकडणे मला कधी जमले नाही. औषधांची नोंदवही, हिशेब आणि फोन एवढेच माझ्याकडे असते. तेव्हा हे पत्र म्हणजे फोनपाशी बसणाऱ्या माणसाचे म्हणणे समजावे.

फोन बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो : “आमच्या गल्लीत एक कुत्रं पडलंय, घेऊन जावा की ओ.” मी पत्ता विचारतो, जखम कुठे आहे ते विचारतो, आणि आम्ही पोचेपर्यंत आपण तिथे थांबाल का, असे विचारतो. बरेचसे फोन इथे बंद होतात. फोन करणारा निर्दय असतो असे मी म्हणणार नाही. निर्दय माणूस फोनच करत नाही, तो पुढे निघून जातो. पण दया आली, नंबर फिरवला आणि आपली जबाबदारी दुसऱ्याच्या गाडीत घातली, एवढ्यावर समाधान मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. ते जनावर कुठे ठेवणार, त्याचे पुढे काय होणार, हे विचारणारा फोन आला की मी त्या माणसाचा क्रमांक वहीच्या शेवटच्या पानावर वेगळा लिहून ठेवतो. सहा वर्षांत ते पान अजून भरलेले नाही.

वाहनाच्या धक्क्याने कंबरेतून लुळे पडलेले कुत्रे केंद्रात आले, तर त्याचे मूत्राशय दिवसातून दोन-तीन वेळा हाताने दाबून रिकामे करावे लागते. ते राहिले तर संसर्ग होऊन मूत्रपिंडापर्यंत जातो. शिवाय त्याला दर काही तासांनी कुशीवरून कुशीवर वळवावे लागते, नाहीतर हाडांच्या उंचवट्यांवर जखमा होतात. यात छायाचित्र काढण्याजोगे काही नाही. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसते आणि दिवसभरात अळ्या दिसू लागतात. एकदा डॉक्टरांनी साफ केले म्हणजे झाले असे नव्हे; पुढे कित्येक दिवस रोज पट्टी सोडायची, जखम धुवायची, औषध लावायचे आणि कुत्र्याने चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर बसवायची, हा क्रम चालतो. (काही घरांत अळ्या मारण्यासाठी सर्रास फिनेल किंवा पेट्रोल ओततात. त्याने कातडी भाजते, आणि कुत्रे ते चाटते म्हणून विष पोटात जाते. कृपया असे करू नये.) या कामाला पदवी लागत नाही. हात धुण्याची शिस्त लागते आणि मंगळवारी येतो म्हटले की मंगळवारी यावे लागते.

पिल्लांची गोष्ट तर याहून वाईट आहे. थंडीच्या दिवसांत आडोशाला चार-पाच पिल्ले एकटीच कुडकुडताना दिसतात, आणि एखादे सहृदय कुटुंब ती पेटीत भरून थेट केंद्राच्या दाराशी आणून ठेवते. पिल्लांची आई बहुतेक वेळा अन्न शोधायला गेलेली असते. लसीकरण न झालेले पिल्लू गर्दीच्या केंद्रात आले की पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाची टांगती तलवार असते. हा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो आणि आमच्याच चपलांना लागून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो. वाचवायला आणलेले पिल्लू आमच्या दारातच रोग घेऊन मेले, असे मी पाहिले आहे. पिल्ले धडधाकट असतील तर ती आहेत तिथेच राहू द्यावीत. एक पोते अंथरावे, पाऊस-वारा लागणार नाही असा आडोसा करावा, आईला खायला घालावे आणि पिल्ले सहा-आठ आठवड्यांची झाली की लसीकरणाचे व दत्तक देण्याचे पाहावे. गल्लीतील एका घराने दोन महिने एवढे केले, तर ते माझ्या मते गाडी घेऊन धावणाऱ्या दहा जणांच्या बरोबरीचे आहे.

संस्थेत जाऊन कुत्र्यांना आंघोळ घालणे म्हणजेच स्वयंसेवा, अशी समजूत असल्यामुळे नोकरदार, गृहिणी, विद्यार्थी “आम्हाला वेळ कुठे” म्हणून बाजूला होतात. प्रत्यक्षात ज्या जखमा चालत्या-फिरत्या कुत्र्याला आहेत, त्यांच्यावर उपचार त्याच्या गल्लीतच करणे सर्वांत चांगले. भटक्या कुत्र्यांत जननेंद्रियाजवळ रक्तस्राव करणारी एक गाठ वारंवार आढळते. पाहणाऱ्याला किळस येते आणि “याला मारून टाका” इथपर्यंत गोष्ट जाते. वास्तविक आठवड्याला एक याप्रमाणे साधारण चार ते सहा इंजेक्शने दिली की ती बहुधा पूर्ण बरी होते. अडचण एवढीच की दर आठवड्याला तेच कुत्रे त्याच ठिकाणी डॉक्टरांच्या हाती लागले पाहिजे. हे जाळी टाकून कुत्री पकडणाऱ्याचे काम नाही. ज्याच्या हातची भाकरी ते कुत्रे खाते, त्याचे आहे. असा एक माणूस गल्लीत असेल तर त्या कुत्र्याला केंद्रात आणून दीड महिना कोंडून ठेवावे लागत नाही आणि ती जागा खरोखर न चालू शकणाऱ्या जनावराला मिळते.

हेच चित्र मोठ्या प्रमाणावर २०१९च्या ऑगस्टमधील महापुरात दिसले होते. निपाणी भागात दूधगंगा-वेदगंगेचे पाणी गावांत शिरले, तेव्हा पहिल्या आठवड्यात मदतीच्या गाड्यांची रीघ लागली. पाणी ओसरले, गाड्याही ओसरल्या, आणि वैरणीच्या गंजी कुजून गेल्यामुळे जनावरांना चाऱ्याची खरी टंचाई पुढच्या महिन्यात भासली.

आता सुरक्षिततेविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण याबाबत संस्थाही ढिलाई करतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य आहे; म्हणून जनावरांना हात लावणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाने आधीच प्रतिबंधक लस घेतली पाहिजे. पहिल्या दिवशी, त्यानंतर सातव्या आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी अशी ही लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येते. ती घेतलेल्यालाही चावा बसला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पुढील मात्रा घ्यायच्याच असतात. लस न घेतलेल्या मुलाला पिंजऱ्यात पाठवणारी संस्था कितीही दयाळू असली तरी बेजबाबदार आहे, असे मी आमच्या बैठकीत म्हटले तेव्हा काहींना राग आला होता. ज्या शहरात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत एकेकाळी वासरांच्या कातडीवर देवीची लस तयार होत असे, त्या शहरातील लोकांना लसीचे महत्त्व मी वेगळे सांगावे असे नाही. आपली पिढी त्या वासरांचे देणे लागते, असे डेपोच्या मैदानावर फिरायला गेलो की मला वाटते, ते असो.

वन्य प्राण्यांच्या बाबतीत मात्र हौशी स्वयंसेवकांनी हात आखडता घ्यावा. २०२२च्या ऑगस्टमध्ये गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या शिरला, आसपासच्या शाळा कित्येक दिवस बंद राहिल्या, शिवमोग्ग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणले गेले, तरीही तो हाती लागला नाही. त्या काळात “तुमची पोरं पाठवा की” असे सांगणारे फोन मला आले, आणि पाठवा म्हटले असते तर उत्साहाने गेली असती अशी पोरेही होती. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या कडेच्या गावांत गवा, अस्वल यांची गाठ पडणे नवे नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा प्राणी पकडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. वनखात्याला कळवावे, गर्दी हटवावी, आणि जखमी पक्षी असेल तर हवेशीर खोक्यात अंधारात शांत ठेवावा. त्याच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो. आपल्या सीमाभागात आणखी एक घोटाळा होतो. वेंगुर्ला रस्त्यावर बाचीच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीत सापडलेला प्राणी जवळ म्हणून बेळगावात आणला जातो. पण राज्याची हद्द ओलांडून वन्य प्राणी नेण्यास परवानगी लागते, आणि आणणारा सद्भावनेने अडचणीत येतो. घुबडाला हद्दीवरची शिनोळी कुठे संपते ते ठाऊक नसले तरी आपल्याला ठाऊक असते.

याच संदर्भात कन्नड लिहिता-वाचता येणाऱ्या तरुणांना माझी खास विनंती आहे. पशुसंगोपन खात्याचा अर्ज, महापालिकेला द्यावयाचे निवेदन, क्रूरतेची तक्रार ही सारी कामे कन्नडमधून झाली की लवकर हलतात, आणि आमच्या मराठी भाषक कार्यकर्त्यांचे घोडे तिथेच अडते. भाषेच्या प्रश्नावर माझी मते ठाम आहेत, पण ती त्या जनावराच्या तक्रारीत मिसळू नयेत इतके मला कळते. १९६०च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड आहे; त्यामुळे पोलिसांनी तक्रार गांभीर्याने घ्यायची तर ती निदान नीट लिहिलेली हवी. घरी बसून महिन्याला दोन अर्ज लिहून देणे हीसुद्धा स्वयंसेवा आहे.

भटक्या कुत्र्यांवरून गल्लोगल्ली जे वाद पेटले आहेत, त्यांत दोन्ही बाजूंचे थोडे चुकते. कुत्रे चावते, लहान मुलांना भीती वाटते, ही तक्रार खरी आहे, आणि तिला “तुम्ही प्राणिद्वेष्टे” असे उत्तर देणे उद्धटपणाचे आहे. दुसरीकडे, २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण व लसीकरण केलेले कुत्रे त्याच भागात परत सोडायचे असते, कारण जागा रिकामी झाली की तिथे बाहेरची, लस न टोचलेली कुत्री येतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री मात्र परत न सोडता निवाऱ्यात ठेवण्यास सांगितले आहे. म्हणजे केंद्रांवरील भार वाढणार आणि रस्त्यावरील कामही राहणारच. एखाद्या भागातील किमान सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आपल्या गल्लीत कुत्री किती, त्यांतील किती जणांच्या कानाला निर्बीजीकरणाची खूण म्हणून केलेली खाच आहे, हे सांगणारा माणूस नसेल तर सत्तर टक्के कशाचे काढायचे? रोज खायला घालणाऱ्यांनी ही वही ठेवावी. नुसते खायला घालणे आणि निर्बीजीकरणाच्या दिवशी दार लावून घेणे, हे मला अर्धवट पुण्य वाटते.

आमच्या संस्थांचे दोषही झाकून ठेवू नयेत. क्षमतेपेक्षा जास्त प्राणी घ्यायचे, मग समाजमाध्यमांवर रडकी आवाहने करायची, आलेल्या पैशांचा हिशेब मात्र मागितल्याशिवाय द्यायचा नाही, हे घडते. नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी सर्वांत वाईट जखम दाखवून घाबरवायचे किंवा त्याला फुकटचा गडी समजायचे, हेही घडते. असा मुलगा तिसऱ्या रविवारी येत नाही आणि आपण पुन्हा “आजकालची मुलं” म्हणायला मोकळे. देणगी देणाऱ्याने आणि वेळ देणाऱ्यानेही आधी नोंदवही पाहावी : किती प्राणी आले, किती बरे होऊन गेले, किती मेले. मेलेल्यांचा रकाना ज्या वहीत कोरा असेल, तिथे मी तरी दुसऱ्यांदा जाणार नाही.

गाय, बैल, म्हैस यांच्यासाठी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो आपल्या दैनिकाने ठळकपणे छापावा. सुटकेच्या बातमीनंतर महिन्याभराने तो प्राणी कसा आहे, हेही चार ओळींत द्यावे, म्हणजे मधल्या दिवसांत काय करावे लागले ते वाचकांना कळेल.

शहापुरातील एका गल्लीत एक तांबडी कुत्री आहे. वर लिहिलेल्या गाठीसाठी तिची तीन इंजेक्शने झाली आहेत आणि गाठ निम्म्याहून लहान झाली आहे. येत्या बुधवारी सकाळी साडेसातला चौथे आहे. तिला मांडीवर धरणारी मुलगी परीक्षेसाठी पुण्याला गेली आहे. कुत्री बिस्किटाला फसत नाही, पण सुक्या बांगड्याच्या तुकड्याला येते. प्रतिबंधक लस घेतलेल्या आणि सलग तीन बुधवार येऊ शकणाऱ्या वाचकांनी या दैनिकाच्या कार्यालयामार्फत कळवावे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
टिळकवाडी, बेळगाव