‘यू-१’च्या आधीची ब्रांडटाउखर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील पाणबुड्यांवरच्या लेखमालेचा पहिला भाग वाचला. १९०६ साली कील बंदरात बांधलेली ‘यू-१’ ही जर्मनांची पहिली लष्करी पाणबुडी, असे त्यात म्हटले आहे. जर्मन नौदलाची पहिली यू-बोट तीच, याबद्दल वाद नाही. पण त्याच कीलमध्ये १८५० साली युद्धासाठीच एक पाणबुडी बांधली होती. लेखात तिचे नावसुद्धा नाही, याचे मला फार वाईट वाटले.

मी माझगाव गोदीत वेल्डर होतो. ‘शिशुमार’ वर्गाच्या पहिल्या दोन पाणबुड्या कीलच्या एचडीडब्ल्यू गोदीत झाल्या, पुढच्या दोन, ‘शल्की’ आणि ‘शंकुल’, मुंबईत. त्या कामासाठी १९८४ मध्ये मला कीलला शिकायला पाठवले होते. तिथला आमचा वयस्कर फोरमन जेवणाच्या सुट्टीत ‘ब्रांडटाउखर’ची हकिकत सांगायचा. ब्रांडटाउखर म्हणजे आग लावणारा पाणबुड्या. एचडीडब्ल्यूमधला ‘एच’ हा होवाल्ड्ट या नावाचा, आणि ती बोट ऑगस्ट होवाल्ड्ट यांच्याच कारखान्यात झाली होती.

तेव्हा जर्मनी हे एक राष्ट्र नव्हते. कील ज्यात येते त्या श्लेस्विग-होल्स्टाइन प्रांताचे सैन्य डेन्मार्कशी लढत होते आणि डॅनिश जहाजांनी किनारा अडवून धरला होता. बव्हेरियाच्या तोफखान्यातला विल्हेल्म बाउअर, मूळचा कातारी, याने पाण्याखालून जाऊन शत्रूच्या जहाजाच्या बुडाला सुरुंग लावणारी बोट आखली. आठ मीटर लांब, तीन माणसांची. दोघांनी पायांनी चक्रे फिरवायची, त्यावर पंखा चालायचा.

पैसे मात्र कमी पडले. पत्रा ठरल्यापेक्षा पातळ, सहा मिलिमीटरचा घेतला. त्याहून वाईट म्हणजे पाण्याच्या वेगळ्या टाक्याच गाळल्या. बोट बुडवण्यासाठी आत घेतलेले पाणी तळात मोकळेच राहायचे. अर्धे भरलेले पिंप हातगाडीवरून ज्याने नेले आहे त्याला पुढचे सांगावे लागणार नाही. बोट जरा कलली की पाणी त्याच बाजूला धावते आणि ती आणखी कलते. कीलमध्ये आमच्या एखाद्या जोडाचा एक्स-रे नापास झाला तर तो अख्खा खरवडून पुन्हा भरावा लागे. तेव्हा कंटाळा यायचा. पण ही हकिकत ऐकल्यावर मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

१ फेब्रुवारी १८५१ रोजी कील बंदरातच चाचणी झाली. बोट मागच्या बाजूने खाली गेली, आतली वजने घसरली, पत्रे दबले आणि ती तळाला जाऊन बसली. आत बाउअर आणि त्याचे दोन सोबती, विट आणि थॉमसन. झाकण उघडेना. उघडणार तरी कसे? दहा मीटर खोलीवर चौरस सेंटीमीटरमागे बाहेरून साधारण एक किलो जादा दाब असतो. अर्धा मीटर लांबी-रुंदीचे झाकण धरले तर अडीच टन झाले. बाउअरने सोबत्यांना सांगितले, पाणी आत येऊ द्या. आतली हवा दबून बाहेरच्या दाबाइतकी झाली की झाकण आपोआप सुटेल. बुडत्या बोटीत आणखी पाणी घ्यायचे, हे त्या दोघांना पटायला वेळ लागला. काही तास ते अंधारात, वाढत्या पाण्यात थांबले. मग झाकण उघडले आणि तिघेही हवेबरोबर वर आले. तिघेही जिवंत! बुडालेल्या पाणबुडीतून माणसे अशी सुटल्याची ही पहिली नोंद मानतात.

बाउअर पुढे रशियात गेला. तिथे त्याने दुसरी, मोठी पाणबुडी बांधली आणि तिच्यातून शंभराहून जास्त बुड्या मारल्या. १८७५ मध्ये तो वारला. कीलच्या तळातला गाळ उपसताना ब्रांडटाउखर सापडली ती १८८७ मध्ये, त्यामुळे ती वर आलेली त्याला पाहता आली नाही.

‘यू-१’ मी म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये पाहिली आहे. बाजूचा पत्रा कापून तिचे आतले सगळे दाखवले आहे. बेचाळीस मीटरची, पृष्ठभागावर रॉकेलच्या इंजिनांवर चालणारी, दुहेरी कवचाची उत्तम बोट. ब्रांडटाउखर आज ड्रेस्डेनच्या लष्करी संग्रहालयात आहे. १९८४ मध्ये ते शहर पूर्व जर्मनीत, सीमेपलीकडे होते, म्हणून जाता आले नाही. २०१६ मध्ये मुलीने मुद्दाम नेले. बोटीच्या रिव्हेटांच्या रांगांसमोर मी तासभर उभा होतो. त्या काळी वेल्डिंग नव्हते, पत्र्याला पत्रा हाताने ठोकून जोडलेला.

लेखमालेच्या पुढच्या भागात ब्रांडटाउखरला जागा द्यावी, ही विनंती. आणि बाउअरबरोबर विट व थॉमसन ही नावेही छापावीत. चक्रे ते दोघे फिरवत होते.

– एक निवृत्त वेल्डर, भांडुप