कुंपण डुकरांसाठी, मग विहीर आत कशी?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात इस्रायलने वेस्ट बँकमध्ये (म्हणजे १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशात) घातलेल्या भिंतीवर दोन पत्रं आली. एकाचं म्हणणं प्रत्येक देशाला स्वतःचं रक्षण करायचा हक्क आहे, दुसऱ्याचं म्हणणं भिंत म्हणजे निव्वळ अन्याय, आणि त्यावरून सकाळी तळजाईवर आमच्या ग्रुपमध्ये जी जुंपली ती खाली उतरून चहा संपेपर्यंत चालूच. मी भूमी अभिलेख खात्यात ३१ वर्षं मोजण्या केल्या, त्यामुळे मला दोन्ही पत्रं वाचून एकच वाटलं, की अहो हे हद्दीचं भांडण आहे आणि हद्दीबद्दल कोणी बोलतच नाहीये. कुंपण हवं का नको ते नंतर बघू, आधी ते कुठून जातंय ते सांगा. (मोबाईलवर टाईप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

तिथली जुनी हद्द म्हणजे ग्रीन लाईन, १९४९ च्या युद्धबंदी कराराची. तिचा जेरुसलेमचा तुकडा कसा आखला ते वाचून मी कपाळावर हात मारला. १९४८ च्या नोव्हेंबरात इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तल या लष्करी अधिकाऱ्यांनी १:२०,००० च्या नकाशावर ग्रीस पेन्सिलीने आपापल्या रेघा मारल्या आणि रेघच ३-४ मिलिमीटर जाड, म्हणजे जमिनीवर ६० ते ८० मीटर! रेघेखाली गल्ल्या आणि घरं आली, ती कुणाची? आमच्याकडे असा नकाशा घेऊन गेलो असतो तर साहेबांनी तोंडावर फेकला असता. पण जाड का असेना, रेघ आहे, आणि जगातली सगळी बोलणी तिथूनच सुरू होतात. तिची लांबी साधारण ३२० किलोमीटर. आणि इस्रायलने मंजूर केलेल्या कुंपणाचा मार्ग साधारण ७१० किलोमीटर, त्यातला जवळजवळ ८५ टक्के रेघेच्या पलीकडे, वेस्ट बँकच्या आतून, हा हिशोब युनोचा. कुठल्याही मोजणीवाल्याला हे दोन आकडे दाखवा, तो पुढचं काही विचारणार नाही. हद्द ३२० ची आणि कुंपण ७१० चं म्हणजे वाटेत काहीतरी आत घेत घेत गेलंय.

एक जुनी गोष्ट सांगतो, मुळशीकडची, गावाचं नाव नको. दोन चुलतभाऊ, गट एकच, वाटप झालेलं. थोरल्याने तारेचं कुंपण घातलं, कारण काय तर रानडुकरं भुईमूग ठेवत नाहीत. धाकट्याने हद्द कायमची मोजणी टाकली. आम्ही गेलो, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या होत्या, जुने दगड शोधून काढले, तर कुंपण सरळ येतंय येतंय आणि मध्येच असं पोट काढल्यासारखं धाकट्याच्या रानात वळतंय, विहिरीला वळसा घालून परत जागेवर. थोरला शपथेवर सांगत होता, साहेब डुकरांसाठीच घातलंय हो. आणि डुकरं होती, खोटं नव्हतं, पावलं मी स्वतः पाहिली. मी एवढंच विचारलं, मग विहीर आत कशी?

इस्रायलबद्दल माझा प्रश्न तोच. तिथले हल्ले खोटे नव्हते. २७ मार्च २००२ ला नेतान्याच्या पार्क हॉटेलात लोक पासओव्हर या ज्यू सणाच्या जेवणाला बसलेले असताना आत्मघाती स्फोट झाला, ३० माणसं गेली, आणि त्या काळात बसमध्ये, हॉटेलात हे सारखंच चाललं होतं. हे पचवून वर शांत राहा असं कोणी सांगू नये, आपण जर्मन बेकरीनंतर शांत राहिलो होतो का? पुढे हल्ले खूप कमी झाले हेही खरं, कुंपणामुळे किती आणि बाकीच्या कारणांनी किती यावर तिथेच वाद आहे, कारण मंजूर मार्गाचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून बांधलेलाच नाही.

गंमत बघा, कुंपण ही तिथल्या डाव्यांची आयडिया, पंतप्रधान राबिन यांच्या काळापासूनची. उजवे नको म्हणायचे, कारण एकदा कुंपण घातलं की लोक त्यालाच बॉर्डर समजणार आणि पलीकडच्या, म्हणजे वेस्ट बँकमधल्या इस्रायली लोकांच्या वसाहती वाऱ्यावर. तेव्हाचे पंतप्रधान शेरॉन स्वतः आढेवेढे घेत होते. मग २००२ मध्ये लोकांचा दबाव वाढला, जूनमध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि तिथून भांडण 'घालायचं का' वरून 'कुठून घालायचं' वर आलं. रेघेपासून वीसेक किलोमीटर आत एरियल नावाची वसाहत आहे, ते म्हणाले आम्हालाही आत घ्या, मग नकाशावर तिकडे बोटासारखा लांब आकार निघाला, अमेरिकेने नाक मुरडलं, ऑक्टोबर २००३ चा नकाशा फेब्रुवारी २००५ मध्ये बदलला, एप्रिल २००६ मध्ये परत बदलला. पुण्यात रिंग रोडची आखणी कशी सरकते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आणि हे फक्त पॅलेस्टिनी लोकांचं रडगाणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी खुद्द इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाचे निकाल बघावेत. ३० जून २००४ चा बेत सुरिक गावाचा निकाल, मुख्य न्यायाधीश अहरोन बराक. कोर्टाने सुरक्षेचं कारण खरं मानलं, पण गावकऱ्यांना होणारा त्रास त्या मानाने फार जास्त आहे म्हणून समोरच्या ४० किलोमीटरपैकी ३० किलोमीटरचा मार्ग रद्द केला. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे शेजारच्या मेवासेरेत झिओन या इस्रायली गावातले काही रहिवासी गावकऱ्यांच्या बाजूने कोर्टात गेले होते आणि निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांच्या एका संस्थेने दुसरा मार्ग आखून दाखवला होता. लगतधारक समोरच्याच्या बाजूने जबाब देतोय, हे मी ३१ वर्षांत दोनदा पाहिलंय फक्त. नंतर नऊ दिवसांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही १४ विरुद्ध १ मतांनी वेस्ट बँकमधलं बांधकाम बेकायदा ठरवलं, पण तो सल्ला होता, बंधनकारक नव्हता, इस्रायलने मानला नाही.

आता विहीर. २००६ मध्ये अझ्झून गावाच्या केसमध्ये कोर्टासमोर आलं की झुफीन वसाहतीजवळचा मार्ग आखताना सुरक्षेबरोबर तिथल्या औद्योगिक पट्ट्याचा प्लॅन पण डोळ्यासमोर होता, आणि सरकारने आधीच्या केसमध्ये हे कोर्टाला सांगितलंच नव्हतं. बराकसाहेबांनी झापलं चांगलंच. पुढच्या वर्षी बिलीन गावाच्या केसमध्ये तेच, कुंपण जिथे होतं त्याला सुरक्षेचं पटेल असं कारण नाही, वसाहतीची अजून न बांधलेली घरं आत घ्यायची म्हणून ते तिथे, मार्ग बदला. निकाल २००७ चा, कुंपण प्रत्यक्ष हललं २०११ मध्ये. (आपल्याकडच्या तारखांना नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) आणि झुफीनच्याच जवळच्या जय्यूस गावाची तर बरीचशी बागायत आणि विहिरी, खऱ्याखुऱ्या विहिरी हो, कुंपणापलीकडे गेल्या.

पलीकडे गेलेल्या शेताचं काय होतं ते शेतकऱ्याच्या पोरालाच कळेल. कुंपणात गेट आहेत, पण पलीकडच्या स्वतःच्या शेतात जायला परमिट लागतं, गेट ठराविक वेळेलाच उघडतं, काही गेट तर फक्त ऑलिव्ह काढणीच्या दिवसांत. ऑलिव्हचं झाड काय नुसतं काढणीला भेटून वाढतं? नांगरट, छाटणी, तण, राखण हे कोणी करायचं? आपल्याकडे शेताची वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट ॲक्ट आहे १९०६ चा, तहसीलदार येऊन वाट मोकळी करून देतो, निदान कागदावर तरी.

यावर आमचे एक स्नेही म्हणाले, मग भारताने बांगलादेशच्या बॉर्डरवर घातलंय ते काय? बरोबर, घातलंय. पण कुठे? १९७५ च्या ठरावानुसार झिरो लाईनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सरहद्दीपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही, म्हणून आपलं कुंपण बहुतेक ठिकाणी आपल्याच जमिनीत मागे सरकलंय आणि कुंपणापलीकडे अडकलेली शेतंही आपल्याच शेतकऱ्यांची. त्यांनाही गेट, ओळखपत्र, बीएसएफची वेळ, त्यांचे हाल आहेतच आणि त्यावर कोणी बोलत नाही ते वेगळं पत्र होईल. पण निदान कुंपणाची किंमत घालणाऱ्याच्या घरातून जाते. वेस्ट बँकमध्ये कुंपण घालणारा एक आणि रान जाणारा दुसरा.

जाता जाता, कुंपण न घालता भागतं याचा पण दाखला तिथेच आहे. बत्तीर या पॅलेस्टिनी गावाजवळून जेरुसलेमची जुनी रेल्वे जाते, तिथे १९४९ नंतर गावकऱ्यांना रेघेपलीकडची आपली शेती कसू दिली, बदल्यात रेल्वेला धक्का लावायचा नाही, आणि ही वहिवाट चालत राहिली. पुढे तिथूनही कुंपण न्यायचं ठरलं तेव्हा विरोध करणाऱ्यांत इस्रायल सरकारचंच निसर्ग आणि उद्यान खातं होतं, त्या दगडी बांधांच्या पायऱ्यांची शेती मोडेल म्हणून. २०१४ मध्ये युनेस्कोने ती शेती जागतिक वारसा यादीत घेतली, २०१५ मध्ये कोर्टाने काम थांबवलं.

तुम्हाला एक विनंती. दोन पत्रांबरोबर तुम्ही त्या उंच सिमेंटच्या भिंतीचा फोटो छापला होता, तो शहरांजवळचा थोडासा भाग आहे, बाकी बहुतेक ठिकाणी तारेचं कुंपण, चर आणि गस्तीचा रस्ता आहे, त्यामुळे फोटोवरून काहीच समजत नाही. पुढच्या वेळी फोटो नको, नकाशा छापा. ग्रीन लाईन एका रंगात, कुंपण दुसऱ्या रंगात, आणि कृपा करून स्केल आणि उत्तर दिशा टाका.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक,
धनकवडी, पुणे