आईचं इंजेक्शन आणि बाबांचा जुना टीबी

ऑक्सफर्ड

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी आईला संधिवातासाठी अडॅलिम्युमॅबचं इंजेक्शन सुचवलंय आणि तुम्ही दोघं ‘बघू पुढं’ म्हणताय, असं दादाकडून कळलं. फोनवर विषय काढला की बाबा ‘जेवलीस का?’वर येतात, म्हणून लिहितेय.

आई, तू विचारत असतेस ना, दिवसभर लॅबमध्ये करतेस तरी काय? ऑपरेशनमध्ये काढलेलं सांध्याचं अस्तर आमच्याकडे नळीतून येतं. गुलाबी, बुळबुळीत, नखाएवढा तुकडा. धडधाकट सांध्यात हे अस्तर जेमतेम एक-दोन पेशी जाड असतं. तुझ्या संधिवातात (वयानं गुडघे झिजतात तो वेगळा) ते सुजून जाडजूड होतं आणि शेजारचं हाड कुरतडू लागतं. मी तो तुकडा बारीक चिरते, पेशी सुट्या करते आणि सूज उतरल्यावरही कोणत्या पेशी दबा धरून बसतात ते शोधते.

हे इंजेक्शन ज्या शोधातून आलं तो आमच्याच केनेडी इन्स्टिट्यूटचा. संस्था तेव्हा लंडनला होती. रविंदर मैनी (बाबा, जन्म लुधियानाचा बरं का) आणि मार्क फेल्डमन यांना दिसत होतं की सुजलेल्या सांध्यात पेशी एकमेकींना चिथावणारी बरीच प्रथिनं सोडतात. त्यातलं एक अडवून काय उपयोग, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. पण वाड्यातल्या भांडणात दहा जण ओरडत असले तरी पेटवणारा एखादाच असतो. १९८९ मध्ये त्यांच्या गटातल्या फिओन्युला ब्रेनन यांनी दाखवलं, की टीएनएफ नावाचं एक प्रथिन अडवलं की इंटरल्युकिन-१ हे दुसरं चिथावणारं प्रथिनसुद्धा खाली येतं. आईचं इंजेक्शनही टीएनएफच अडवतं. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलात २० रुग्णांना टीएनएफ अडवणारं औषध दिलं. सांधे मोकळे झाले. काही आठवड्यांनी दुखणं परतलंही. म्हणजे आजार आवरतो, मुळासकट जात नाही. काहींना तर गुणच येत नाही. आई, तुला येईलच अशी हमी मी देणार नाही, पण मेथोट्रेक्सेटची गोळी घेऊनही सकाळी तुझी बोटं मिटत नसतील तर नुसती वाट पाहण्यात सांधे खराब होतात.

आता बाबा, तुमच्याशी. कॉलेजात असताना तुम्हाला टीबी झाला होता, हे डॉक्टरांना सांगा. ‘जुनी गोष्ट, कशाला उकरायची’ म्हणू नका. तुम्ही बरे झालात, पण आईच्या अंगात ते जंतू झोपून असू शकतात. शरीर त्यांना पेशींच्या वेढ्यात कोंडून ठेवतं आणि तो वेढा टिकवायला हेच टीएनएफ लागतं. ते अडवलं की जंतू सुटू शकतात. हे आधी पुरतं लक्षात आलं नव्हतं. २००१ मध्ये अशा ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी. काही निघालं तर त्याची औषधं आधी सुरू होतील, इंजेक्शन थोडं लांबेल, एवढंच. यात लाजण्यासारखं काय आहे? आत्यांना कळवायची गरज नाही, डॉक्टरांना कळवा.

खर्चाचं दडपण घेऊ नका. अहमदाबादच्या झायडसनं २०१४ मध्येच याची स्वस्त आवृत्ती आणली, त्यामुळे मूळ औषधाच्या मानानं ते पुष्कळ आवाक्यात आलंय. बाकी दादा आणि मी बघतो.

इंजेक्शन साधारण दर पंधरवड्याला, पोटावर किंवा मांडीवर. फ्रिजमध्ये ठेवायचं, फ्रीजरमध्ये नाही. मेथोट्रेक्सेट चालूच ठेवायचं की कसं, ते डॉक्टर सांगतील. स्वतःच्या मनानं बंद करू नकोस. आणि ती गोळी आठवड्यातून एकदाच हं, बाबा. कालनिर्णयवर खूण करत जा. मध्येच ताप आला, खोकला हटेना, तर पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन.

एक्स-रेचा फोटो दादाला पाठवायला सांगा. आणि आई, पोळ्यांना बाई लाव आता.

तुमची,
मृणाल