बंकरची सरबराई पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कन्हान नदीचे वाळूघाट, रात्री पकडलेले टिप्पर आणि महसूल खात्याचा दंड, या बातम्या आपल्या अंकात सतत येत असतात. त्या वाचताना गोल्फ कुणाच्या डोक्यात येत नसेल आणि त्यात काही चूकही नाही. शहरातली बांधकामे जेवढी वाळू गिळतात त्यापुढे गोल्फ मैदानाची गरज चिमूटभरच. तरी या चिमटीबद्दल लिहितो आहे. मी स्वतः हा खेळ खेळतो, आणि आमच्या या महागड्या हौसेतली सर्वांत अनाठायी उधळण वाळूच्या खड्ड्यांवर, म्हणजे बंकरवर होते, असे माझे मत झाले आहे.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाऱ्याने आणि आडोशाला बसणाऱ्या मेंढ्यांनी गवत उडून वाळूचे खळगे पडले, त्यांतून बंकर आले असे मानतात. चेंडू तिथे गेला की खेळाडूची फजिती व्हावी, एवढेच त्यांचे काम. आजही फटक्याआधी चेंडूमागच्या वाळूला स्टिक टेकवता येत नाही, सरावाच्या झोक्यातही वाळूला लावता येत नाही. 2019 साली नियम जरा सैल झाले. आता पाने-काटक्या उचलता येतात आणि दोन फटक्यांचा दंड सोसून चेंडू खड्ड्याबाहेरही घेता येतो. पण बंकर ही अडचण आहे हे काही बदललेले नाही.

आपल्याकडे या अडचणीचेच लाड चालतात. सकाळी खेळाडू यायच्या आत प्रत्येक बंकरमधून रेक, म्हणजे वाळू सारखी करायचे दाताळे, फिरला पाहिजे, कडा कापलेल्या पाहिजेत, वाळू सगळीकडे सारखी पाहिजे. चेंडू कुणाच्या बुटाच्या ठशात बसला की क्लबहाऊसमध्ये चहा येण्याआधी तक्रार पोहोचते. विहिरीत पडलेल्याने पाणी गार आहे म्हणून कुरकुर करावी, तसलाच हा प्रकार. 2006 साली अमेरिकेचे नामवंत गोल्फपटू जॅक निकलॉस यांनी आपल्या मेमोरियल स्पर्धेत मुद्दाम विरळ दातांचे रेक वापरून बंकरमध्ये सऱ्या पाडल्या होत्या. व्यावसायिक खेळाडूंना बंकरची भीतीच उरलेली नाही, हे त्यांचे दुखणे होते. त्यांच्यापैकी काहींनी तेव्हा नाके मुरडलीच. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्सवर 112 बंकर आहेत आणि 2000 साली तिथे झालेल्या ओपन स्पर्धेत टायगर वुड्स चारही फेऱ्यांत एकाही बंकरमध्ये गेला नाही. त्यांना चुकवत खेळायचे हीच तर गंमत आहे. आत गेल्यावर गादी मिळावी ही अपेक्षा कुठून आली कोण जाणे.

आता वाळूचा हिशेब. बंकरच्या तळाला साधारण चार इंच वाळू लागते. हजार चौरस फुटांचा एक बंकर धरला तर तीनशे तेहतीस घनफूट, म्हणजे (शंभर घनफुटांचा एक ब्रास धरून) सव्वातीन ब्रासच्या वर. असे पन्नास बंकर असतील तर एका भरणीला 166 ब्रास. भरणी दरवर्षी होत नाही हे खरे, पण मधल्या काळात वरून टाकणे चालूच असते. सरकारी धोरणात घरकुलाच्या लाभार्थ्याला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याची तरतूद आहे आणि ती वेळेत मिळावी म्हणून लोक तहसीलचे खेटे घालतात. एका मैदानाच्या भरणीत तेहतीस घरकुले बसतात. मैदानाने वाळू वाचवली म्हणून ती उद्या घरकुलाला जाईल असे मी म्हणत नाही, व्यवहार इतका सरळ नसतो. पण ज्या नदीच्या वाळूवरून एवढी हाणामारी चालते, ती नुसती शोभेसाठी पसरताना आकडा तरी डोळ्यांपुढे असावा.

त्यातून नागपूरची माती. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर खाली वाळूच असते, पाणी पडले की मुरते. आपल्याकडे खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या हालचालीत बंकरखालचे निचऱ्याचे पाइप सरकतात, तुंबतात. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात, तोही कोसळून पडणारा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाचे पाणी घराघरांत शिरले, ते कुणी विसरलेले नाही. असा पाऊस पडला की बंकरच्या उभ्या कडेची वाळू तळाशी येते, कडेची काळी माती तिच्यात मिसळते आणि वरून पपडी धरते. मग चार माणसे फावडी-घमेली घेऊन उतरतात, पाणी उपसतात, मातीचा थर खरवडून काढतात आणि वाळू पुन्हा कडेवर चढवून थापतात. एका बंकरला अर्धा दिवस सहज जातो. तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस. गेल्या पावसाळ्यात एका माळीदादांना मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, आज वर चढवली, उद्या पाणी आलं का पुन्हा खाली. आम्ही काय करून राहिलो, आम्हालेच समजत नाही." मे महिन्यात हीच माणसे पंचेचाळीस अंशांत तापलेल्या वाळूत उभी असतात. आम्ही तोवर साडेआठलाच खेळ आटोपून पंख्याखाली.

यावर हमखास उत्तर मिळते, की बंकर नसतील तर मैदान कसले? इंग्लंडमधल्या रॉयल अ‍ॅशडाउन फॉरेस्टच्या मैदानावर एकही बंकर नाही. 1888 पासून तिथे लोक झुडपे, ओढे आणि उंचसखल जमीन यांच्याशी झगडत खेळतात आणि त्याला सोपे मैदान कुणी म्हणत नाही. 2020 मध्ये करोनामुळे जगभर मैदानांवरून रेक उचलले गेले, लोकांनी बुटाने वाळू सारखी केली आणि खेळले. त्यापायी कुणी गोल्फ सोडल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

सगळे बंकर बुजवा असे माझे म्हणणे नाही. ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, लागून असलेले, जिथे खेळाडूला खरोखर विचार करावा लागतो असे, ठेवावेत आणि नीट ठेवावेत. पण फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या, कडेला कुणीतरी नकाशात शोभा म्हणून काढलेले, ज्यांत फक्त नवशिक्यांचे चेंडू जातात, ते बुजवून तिथे गवताचे खळगे करावेत. गवतातून मारायलाही कसब लागते. उरलेल्यांच्या उभ्या कडांवर गवत उतरवावे आणि वाळू फक्त सपाट तळाला ठेवावी, म्हणजे पावसात चढव-उतर थांबेल. पाण्याने भरलेला एखादा बंकर दुरुस्तीखालची जागा म्हणून जाहीर करण्याची मुभा समितीला नियमांतच आहे, ती वापरावी. आणि आपला ठसा आपण पुसावा. रेक शेजारीच पडलेला असतो, सामान वाहणाऱ्या कॅडीची वाट कशाला पाहायची?

वाळूही नदीचीच कशाला? नदीच्या वाळूचे कण गुळगुळीत, त्यामुळे चेंडू रुततो. दगड फोडून केलेली कोनदार वाळू कडेवरही जास्त टिकते. बारीक भुकटी धुऊन, चाळून घेतली तर आपल्या काळ्या दगडाची वाळूही चालावी, निदान दोन बंकरांत करून पाहायला हरकत नसावी. काळे बंकर वाईट दिसतात असे एका सदस्याचे म्हणणे. अमेरिकेतल्या ऑगस्टा मैदानाचे पांढरेशुभ्र बंकर टीव्हीवर पाहून ही आवड लागली आहे. पण ती पांढरी वाळूसुद्धा नॉर्थ कॅरोलिनातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या खाणीतून जोडीने निघणारा दुय्यम माल आहे. त्यांनी जवळ मिळाले ते वापरले, आपणही तेच करावे.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगतो. बंकरची देखभाल कमी करणे म्हणजे माळी कमी करणे नव्हे. पैसे वाचवायचा विषय निघाला की समित्यांची नजर आधी रोजंदारीवरच्या माणसांकडे जाते, म्हणून आधीच लिहून ठेवतो. ग्रीनची निगा, नाल्यांची सफाई, उन्हाळ्यात झाडांना पाणी, कामे रग्गड पडली आहेत.

नागपूर परिसरातल्या मैदानांच्या समित्यांना एवढीच विनंती, की येत्या पावसाळ्याआधी किती ब्रास वाळू घेतली, कोणत्या परवान्यावर घेतली आणि किती मजूर-दिवस बंकरवर गेले, हे सूचनाफलकावर लावावे. कोणते बंकर बुजवायचे ते सदस्य मग आपणहून सांगतील.

आपला,
एक गोल्फप्रेमी वाचक
सिव्हिल लाइन्स, नागपूर