ठेवी आहेत, मग देणगी कशाला?

महोदय,

सदाशिव पेठेत एका छोट्या सार्वजनिक न्यासाची अभ्यासिका आहे. तिचा खजिनदार म्हणून मी अठरा वर्षं हिशेबाच्या वह्या सांभाळल्या. देणगी मागायला गेलं की ताळेबंद चाळून हमखास ऐकावं लागे, "सहा लाखांच्या मुदत ठेवी आहेत की तुमच्या! मग आमच्याकडे कशाला आलात?"

त्या सहा लाखांची हकीकत अशी. 2014 साली बँक नऊ टक्के व्याज देत होती. वर्षाला 54 हजार यायचे, त्यात शिपाईकाकांचा पगार भागायचा. आम्ही खूश! व्याज दरवर्षी खर्चून टाकलं, मुद्दलात एक रुपया मिळवला नाही. हिशेबतपासनिसांनी दोनदा बजावूनही केलेली ही आमचीच चूक. 2020 मध्ये पावत्यांचं नूतनीकरण केलं तेव्हा दर साडेपाचच्या आत आलेला. मुद्दल तेवढंच, व्याज 33 हजारांहूनही कमी. पगार आणि विजेचं बिल मात्र दुपटीवर.

त्याच वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी लागली. स्पर्धा परीक्षेची मुलं गाद्या गुंडाळून गावी गेली, फी बंद झाली. दोन लाखांची पावती मोडली, त्यावर आठ महिने काढले. शिपाईकाकांचा पगार एकदाही चुकला नाही.

देणगीदार पंखे देतात, खुर्च्या देतात. पाठीवर वडिलांचं नाव रंगवता येतं. (आमच्याकडे एकाच खुर्चीवर दोन नावं आहेत, तो किस्सा वेगळा.) विजेच्या बिलावर कोणाचं नाव रंगवणार?

शिवाय संस्था पैसा दाबून बसतात असं म्हणणाऱ्यांनी नियमही पाहावा. प्राप्तिकराची सवलत हवी तर वर्षाच्या उत्पन्नातले 85 टक्के उद्दिष्टांवर खर्च करावे लागतात, शिल्लक टाकायला उरतात 15. त्याहून जास्त ठेवायचं तर कारण लेखी कळवायचं, तेही जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी. आमच्यासारख्यांची गंगाजळी साठणार कशी आणि किती?

पदावरून उतरण्यापूर्वी एक केलं. वार्षिक अहवालात ठेवींच्या आकड्याखाली एक ओळ छापली : 'नवी आवक थांबल्यास ही रक्कम दहा महिने पुरेल.' सभेत मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "आणि अकराव्या महिन्यात?" इतक्या वर्षांत ताळेबंदावर कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. त्याच सभेत ठराव झाला : व्याजाचा चौथा हिस्सा मुद्दलात.

– एक माजी खजिनदार, पुणे