‘घरबसल्या’ या शब्दाबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेबकॉमिक, म्हणजे इंटरनेटवर चौकटीचौकटींतून येणारी चित्रकथा, करणाऱ्या महिला व्यंगचित्रकारांवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. विषय घेतलात, बरे वाटले. पण त्यात ‘घरबसल्या’ हा शब्द चारदा आला, ‘छंद’ दोनदा, आणि ‘मानधन’ एकदाही नाही. सोबत छापलेले चित्र उजवीकडून कापलेले होते. त्यात सही गेली, आणि पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यातली अक्षरे चष्मा लावूनही लागेनात. मुद्दाम केले असे आमचे म्हणणे नाही. अशी चित्रपट्टी (पुढे नुसती ‘पट्टी’) होते कशी हे ठाऊक नसले की असे घडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम घरात बसून होते हे खरे. चार्टर्ड अकाउंटंटही घरात बसून ताळेबंद करतात, त्यांना कोणी ‘घरबसल्या’ म्हणत नाही.

पुण्याला पट्टी नवी नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ 21 नोव्हेंबर 1991 पासून रोज चहाबरोबर येऊ लागला. तिथे डोके लढवायला दोघे होते आणि मागे अख्खे वर्तमानपत्र होते: मुद्रितशोधक, मांडणी करणारे, छपाई, वितरण, हिशेब खाते. वेबकॉमिकमध्ये ही सगळी खाती एकटी बाई चालवते, आणि वाचकांचा पत्रव्यवहारही तीच बघते.

एक उदाहरण घेऊ. विषय आपला नेहमीचा, गुरुवारी पाणी बंद. चौकटी चार. पहिलीत बुधवारची रात्र, आई नळाखाली हंडा लावते आहे, फुग्यात ‘उद्या पाणी नाही.’ दुसरीत बादल्या, कुकर, कढई, मुलाची वॉटरबॅग, फुलदाणी, जे हाताला लागेल ते भरलेले. तिसरीत गुरुवारची सकाळ, नळ धो धो वाहतोय. चौथीत आई ओट्यापाशी उभी, ‘पाणी आलंय. चहा कशात करू?’ (हिला पाणीपट्टी म्हणायला हरकत नाही.)

पहिल्या खर्ड्यात या पट्टीत साठेक शब्द असतात. तिसऱ्या चौकटीत हमखास ‘अगंबाई, पाणी तर आलं!’ असा फुगा येतो. नळ वाहताना दिसतोच आहे, मग तो फुगा कशाला? काढला. दुसऱ्या चौकटीतली नवऱ्याची कोटी चांगली असते, पण ती चौथीतल्या वाक्याचा दम आधीच काढून घेते. तीही काढली. शेवटी आठ शब्द उरतात. चित्रातही एक मेख आहे. चौथ्या चौकटीत सगळ्यात पुढे चहाचे पातेले हवे, आणि ते काठोकाठ भरलेले दिसायला हवे. ते मागे कुठे तरी ठेवले तर वाचक फुलदाणीकडे बघतो आणि हसू येतच नाही. म्हणजे चौथी चौकट काढायच्या आधी पातेल्याची जागा ठरवावी लागते, आणि त्याच्याही आधी फुग्याची. नवशिक्या आधी माणसे काढतात आणि उरलेल्या फटीत फुगा कोंबतात. नव्वद टक्के गिचमिड तिथूनच सुरू होते.

आता हीच पट्टी कुठे दिसणार यावर तिची मांडणी बदलते. कागदावर चारही चौकटी एकदम डोळ्यांपुढे असतात आणि नजर चोरून शेवटच्या चौकटीवर जाते. इन्स्टाग्रामवर एकेक चौकट बोटाने सरकवून बघायची, त्यामुळे शेवट लपून राहतो. पण पहिली चौकट कंटाळवाणी निघाली तर दुसरी कोणी बघतच नाही. वरून खाली सरकत वाचायच्या कॉमिकमध्ये दोन चौकटींमधली मोकळी जागा म्हणजे वेळ. नेहमीच्या ठिकाणी 200 पिक्सेल पुरतात. तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीमध्ये, नळ बघून आईचा चेहरा पडायला वेळ हवा म्हणून 800 सोडावे लागतात. एकाच पट्टीची अशी तीन रूपे करायची. त्यात मंचांचे नियम बदलतात ते वेगळेच. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये 10 चित्रे बसत, ऑगस्ट 2024 पासून 20 बसू लागली, हे सोयीचे झाले. पण जानेवारी 2025 मध्ये प्रोफाइलवरचे चौरस जाऊन उभे 3:4 चे तुकडे आले आणि चौरस धरून केलेली सगळी जुनी मुखचित्रे दोन्ही कडांनी छाटली गेली. ती पुन्हा करण्याचे पैसे कोणी देत नाही.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो अक्षरांत. चित्र बघणाऱ्याला हे खरे वाटत नाही. फोनवर 1080 पिक्सेल रुंदीचे चित्र सात सेंटिमीटरपेक्षा कमी जागेत दिसते. त्यात 50 पिक्सेलचे अक्षर म्हणजे जेमतेम 3 मिलिमीटर, आपल्या बातमीतल्या मजकुराएवढे. 30 पिक्सेलला उतरलात की शिरोरेघ आणि मात्रा एकमेकींत मिसळतात. रोमन लिपीला ओळींमध्ये थोडे अंतर पुरते, कारण तिला वर-खाली फारसे काही लटकत नाही. देवनागरीत वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. हाताने लिहिताना अक्षराचे अंग 4 घरे धरले तर वर 2 आणि खाली 2 मोकळी ठेवावीत. शाळेत मराठीला दुरेघी वही आणि इंग्रजीला चौरेघी देत असत. फुग्यात मराठीलाही चौरेघी लागते. आधी अक्षरे लिहावीत, शब्द पुरा झाल्यावर शिरोरेघ ओढावी. रेघ आधी ओढली की अक्षरे तिला सरळ टांगली जात नाहीत आणि शेवटच्या अक्षराला रेघ तरी कमी पडते नाही तर शेपटीसारखी उरते.

आपल्या भाषेची आणखी एक खोड म्हणजे प्रत्यय शब्दाला चिकटतात. ‘महानगरपालिकेच्यासुद्धा’ हा एक शब्द आहे आणि तो मध्येच तोडला तर वाचणारा अडखळतो. अशा शब्दासाठी अक्षर बारीक करण्यापेक्षा ‘पालिकेच्याही’ लिहावे. इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरे आपल्याकडे नाहीत, त्यामुळे ओरडणे दाखवायला इंग्रजी पट्टीसारखी युक्ती चालत नाही. अक्षर जाड आणि मोठे करावे, फुग्याला काटे काढावेत. अक्षर तिरके करणे टाळावे, शिरोरेघेमुळे ते ओरडण्याऐवजी घसरल्यासारखे दिसते.

संगणकावर टाइप केले म्हणजे सुटलो, असेही नाही. चित्रकलेच्या कित्येक सॉफ्टवेअरांना देवनागरीची जुळणी येत नाही. ‘किती’ लिहिले की पहिली वेलांटी ‘त’च्या डोक्यावर जाऊन बसते, ‘प्रश्न’मधली जोडाक्षरे पाय मोडून वेगळी उभी राहतात. जुन्या फोटोशॉपमध्ये ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावे लागते; इतरत्र मजकूर दुसरीकडे जुळवून चित्र म्हणून आणावा लागतो, आणि मग एक काना बदलायचा तरी सगळे पुन्हा. कलम, बालू, मुक्ता हे फॉन्ट मोफत मिळतात. ‘बालू’ गुबगुबीत आहे, नळाच्या ‘धो धो’ला झकास, पण आईच्या तोंडी घातला तर ती माइकवरून बोलल्यासारखी वाटते. काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, ते मराठी डोळ्यांना लगेच खुपते. आणि ‘ऱ’ टाइप करायला विसरले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, लग्नघरात आचाऱ्यांना बोलवायचे तर आचार्यांना बोलावणे जाते. ही चूक दुरुस्त करायला वेबकॉमिकवालीजवळ मुद्रितशोधक नसतो. तिच्याकडे असतात वाचक, आणि ते पुण्याचे असतात.

बाकीचे थोडक्यात. चार चौकटींना लिहिण्यापासून चढवण्यापर्यंत आठ-नऊ तास जातात. पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट चार-पाच हजारांत येतो आणि क्रिटा हे सॉफ्टवेअर मोफत आहे. सुरुवातीला याहून महाग काही घेऊ नये. कच्चे रेखाटन, शाई, सपाट रंग, सावली, फुगे, अक्षरे हे सगळे फाइलमधल्या वेगवेगळ्या थरांवर (लेयर) ठेवावे. शाईच्या रेघेत केसाएवढी फट राहिली तर रंग ओतताना आईच्या साडीचा रंग भिंतीवर पसरतो. मूळ फाइल जिथे दाखवायची त्याच्या निदान दुप्पट मापाची करावी. सही कोपऱ्यात करू नये, कोपरे आधी कापले जातात. ती आकृतीच्या पायाशी, प्रत्येक चौकटीत करावी.

आता आपल्याकडचे, म्हणजे वर्तमानपत्राकडचे. फोनवरून उतरवलेले 1080 पिक्सेलचे चित्र इंचाला 300 ठिपके धरून छापले तर ते साधारण 9 सेंटिमीटर रुंद येते. त्याहून मोठे केले की भुरकट होते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले असेल तर त्याच्या आधीच भुरकट झालेले असते. म्हणून मूळ फाइल मागवावी. एक ईमेल पुरते. पडद्यावरचे झगझगीत पोपटी आणि गुलाबी रंग छपाईच्या चार शाईंत बसत नाहीत, मळकट होतात. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, त्यामुळे गडद भाग आणखी गडद होतात आणि अगदी फिकट छटा उडून जातात. सगळ्यात मोठा घोटाळा काळ्या अक्षरांचा. पडद्यावरचे चित्र तसेच रूपांतरित केले की काळा रंग चारही शायांचा मिळून बनतो. छापताना एखादी शाई केसभर सरकली तरी अक्षरांना लाल-निळ्या कडा येतात आणि अनुस्वार बुजतात. आपल्या पुरवणीत झाले ते हेच. अक्षरांचा थर फक्त काळ्या शाईत छापावा. चित्रकर्ती तो थर वेगळा देऊ शकते, तिला विचारायला हवे एवढेच.

श्रेयाच्या जागी ‘सौजन्य: इंटरनेट’ छापणे म्हणजे या पत्राखाली ‘सौजन्य: टपाल खाते’ छापण्यासारखे आहे. चित्र सर्वांना दिसते म्हणून ते सर्वांचे होत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क विकल्यानंतरही नाव लागण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊन बदनामी होत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार कलम 57 प्रमाणे कर्त्याकडेच राहतो. नोंदणी सक्तीची नाही. नोंदणी केली नाही म्हणजे हक्क नाही, या भीतीने नवख्या मुली गप्प बसतात म्हणून हे लिहिले. कोणी चित्र चोरून संकेतस्थळावर लावले तर 2013 च्या कॉपीराइट नियमांतला नियम 75 उपयोगी पडतो. रीतसर लेखी तक्रार मिळाल्यावर त्या मंचाने 36 तासांत मजकूर बंद करायचा असतो, आणि तो 21 दिवस बंद राहतो. तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणावा लागतो, हे मात्र तक्रार करतानाच लक्षात ठेवावे.

लेखात शेरेबाजीचा उल्लेख ओझरता होता. बाईच्या चित्राखाली चित्राबद्दल कमी आणि बाईबद्दल जास्त लिहिले जाते. नको ते शब्द आपोआप अडवणारी शब्दगाळणी लावता येते, पण मराठी शिवी देवनागरीत एक प्रकारे आणि रोमनमध्ये सहा प्रकारे लिहितात, त्यामुळे दोन याद्या कराव्या लागतात आणि वरचेवर वाढवाव्या लागतात. धमकी असेल तर पुसण्याआधी वेबपत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करताना तो लागतो. आणि धोका नुसत्या शेऱ्यांचा नाही. रचिता तनेजा 2014 पासून ‘सॅनिटरी पॅनेल्स’ काढतात, काडीची माणसे, दोन-चार रेघा. त्यांच्या चित्रांवरून न्यायालयाच्या अवमानाची कारवाई सुरू करायला ॲटर्नी जनरलनी डिसेंबर 2020 मध्ये संमती दिली. 2024 मध्ये त्यांना हाँगकाँगचे व्यंगचित्रकार झुन्झी यांच्यासह कोफी अन्नान करेज इन कार्टूनिंग पुरस्कार मिळाला. आपल्या लेखात ‘चित्रकला साधीच’ असा शेरा एका चित्रकर्तीबद्दल आहे. पट्टीचे वजन वाक्यावर असते, काडीच्या माणसालाही ते पेलते.

मंजुळा पद्मनाभन यांची ‘सुकी’ 1982 पासून मुंबईच्या ‘संडे ऑब्झर्व्हर’मध्ये येत होती. बेंगळुरूच्या माया कामत यांनी 2001 मध्ये जाईपर्यंत वर्तमानपत्रांसाठी राजकीय व्यंगचित्रे काढली. म्हणजे बाईचे चित्र रोजच्या पानावर चालते की नाही, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. तरी फेब्रुवारी संपत आला की पत्रे येतात: महिला दिनानिमित्त एक छानसे चित्र पाठवा, मानधन नाही पण प्रसिद्धी मिळेल, शक्यतो गुलाबी रंगात. खड्डे, मेट्रो, पाणीकपात, भाडेकरूंच्या अटी यांवर त्याच बाया वर्षभर काढत असतात.

ता. क. ते कापलेले चित्र पुन्हा छापणार असाल तर चित्रकर्तीकडून मूळ फाइल आणि अक्षरांचा थर वेगळा मागवावा, रुंदी तीन स्तंभांहून कमी नको. मानधनाचा आकडा त्याच ईमेलमध्ये लिहावा.

आपले,
काही व्यंगचित्रकार व अक्षरकार, पुणे